कॅरेक्टर अर्ध्यावर अडतंय, हवी ती पॉवर मिळत नाही? डिलीट करण्याआधी हे तपासा

सांगली, मिरज, तासगाव असा आमचा ऑनलाइन आरपीजी (एक कॅरेक्टर हळूहळू वाढवत नेण्याचे गेम) खेळणाऱ्यांचा ग्रुप आहे. त्यात दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी एकच तक्रार घेऊन येतं. विसाव्या-पंचविसाव्या लेव्हलपर्यंत मजेत चाललेलं असतं आणि मग एकदम, "मला पाहिजे तसा हिरो ह्यात होतच नाही. पाहिजे ती पॉवर देत नाहीत, नको ती गळ्यात मारतात." पुढं आठ-दहा दिवस चिडचिड, मग कॅरेक्टर डिलीट, मग नवीन कॅरेक्टर, आणि साधारण त्याच लेव्हलला पुन्हा तीच अडचण.

तक्रार खरी असते, हे आधीच सांगतो. एवढे तास घातलेलं कॅरेक्टर माणसाचं स्वतःचं असतं. नाव त्यानं ठेवलेलं, वेष त्यानं निवडलेला. तिथं "तुला काय व्हायचं ते आम्ही ठरवणार" असं गेम म्हणायला लागला की राग येणारच. पण हा राग वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. कारण न ओळखता केलेला उपाय फुकट जातो, मग तो डिलीट करण्याचा असो की यूपीआयनं पैसे भरण्याचा.

आधी बघा: अडचण खरंच पॉवरची आहे का?

मिरजेचा आमचा एक जण सिटी ऑफ हीरोज खेळतो. हा अमेरिकन गेम २००४ साली आला, नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद पडला, आणि आता होमकमिंग ह्या चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरवर फुकट खेळता येतो. जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीनं त्यांना रीतसर परवानाही दिला. तर ह्याचा ब्लास्टर, म्हणजे लांबून मारा करणारा क्लास (कॅरेक्टरचा प्रकार), आगीचा. म्हणणं असं की ब्लास्टरला ढाल देत नाहीत म्हणून मी सारखा मरतोय, क्लासच चुकीचा आहे.

विश्रामबागेत त्याच्या लॅपटॉपशेजारी बसून बघितलं. ट्रेमध्ये, म्हणजे पॉवरच्या बटणांच्या पट्टीत, ओळीनं नुसते हल्ले. टोळी दिसली की डावीकडून उजवीकडं एकेक बटण दाबत जायचा. टोळीतला तिसरा गडी पडेपर्यंत एंड्युरन्सची (दमाची) निळी पट्टी तळाला. मग उरलेल्या दोघांसमोर नुसता उभा, बटण दाबतोय आणि काहीच होत नाही. ढाल नव्हती हे खरं, पण तो मरत होता ते दम संपल्यामुळं. हल्ल्यांचे स्लॉट (पॉवर सुधारणाऱ्या एन्हान्समेंट बसवायच्या जागा) उघडून बघितले तर सगळीकडं डॅमेज, डॅमेज, डॅमेज. त्या गेममध्ये एका पॉवरला जास्तीत जास्त सहा स्लॉट मिळतात, आणि २००५ पासून नियम असा आहे की एकाच प्रकारच्या तीन एन्हान्समेंट झाल्या की चौथीचा फायदा जवळजवळ उरत नाही. ह्यानं एकेका पॉवरला पाच-पाच डॅमेज लावलेल्या. ज्या हल्ल्यांवर त्याचा खरा भर होता, तिथं जास्तीच्या दोन डॅमेजच्या जागी एक एंड्युरन्स वाचवणारी आणि एक नेम सुधारणारी बसवली. पॉवर तीच, क्लास तोच. तशीच टोळी, तोच रस्ता, आणि शेवटचा गडी पडला तेव्हा पट्टी अजून शिल्लक होती. "व्हय की राव," एवढंच म्हणाला आणि पुढच्या टोळीकडं पळाला.

म्हणून पहिली तपासणी: मरताना तुमच्या पट्ट्या काय सांगतात? एनर्जी संपलेली असेल तर नवीन हल्ला घेऊन ती आणखी लवकर संपेल. हल्ले चुकत असतील तर नेम बघा. कॉम्बॅट लॉग (लढाईची नोंद) उघडा, त्यात किती वार हुकले ते स्पष्ट दिसतं. पॉवरवर माउस नेला की येणारी आकड्यांची चौकट बहुतेक जण कधी वाचतच नाहीत, ती वाचा.

दुसरी तपासणी पिंगची, म्हणजे आपलं बटण सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेची. आपण सांगलीतून अमेरिकेतल्या सर्व्हरवर खेळतो तेव्हा पिंग दोनशे मिलिसेकंदांच्या वरच असतो. चांगलं फायबर घेतलं तरी हे अंतर कमी होत नाही. त्यामुळं ऐनवेळी ब्लॉक करायचा, शत्रूचा वार सुरू झाल्यावर तो तोडायचा, अशा पॉवर आपल्या हातात दुबळ्या वाटतात. पॉवर वाईट नसते, आपलं बटण उशिरा पोचतं. अशा सर्व्हरवर हळूहळू डॅमेज देणाऱ्या, जमिनीवर टाकून ठेवायच्या, किंवा सोबती प्राणी-रोबो बोलावायच्या पॉवर निवडल्या तर निम्मी कटकट संपते. यूट्यूबवरचा बिल्ड (पॉवरची पूर्ण आखणी) करणारा माणूस सर्व्हरच्या शेजारच्या शहरात बसलेला असू शकतो, हे बिल्ड उचलताना लक्षात ठेवा.

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरीही घुसमट होत असेल, तर मग अडचण निवडीचीच आहे.

क्रमाची अट

ह्यात हवी ती पॉवर मिळते, पण तिच्याआधी नको त्या घ्याव्या लागतात. जुन्या सिटी ऑफ हीरोजमध्ये उडायचं असेल तर त्या गटातली दुसरी एखादी पॉवर आधी घ्यायची आणि मग चौदाव्या लेव्हलला उड्डाण. स्टॅमिना पाहिजे तर फिटनेस गटातल्या दोन पॉवर आधी, मग विसाव्या लेव्हलला स्टॅमिना. पन्नासाव्या लेव्हलपर्यंत एकूण २४ पॉवर निवडायच्या, त्यातल्या ३ फक्त दम टिकवायला. जवळजवळ प्रत्येक खेळाडू त्या घ्यायचाच, म्हणजे निवड नावापुरती. शेवटी २०१० साली फिटनेस सगळ्यांना आपोआप मिळायला लागलं, आणि पुढं प्रवासाच्या पॉवरवरची आधीची अटही गेली. सगळेच जर एखादी गोष्ट घेत असतील तर तिला निवड म्हणू नये, हे डिझायनरांनी मान्य केलं ते बरं झालं. माझ्या मते हा आजवरचा सगळ्यात शहाणा बदल.

उपाय सोपा आहे: बिल्ड वरून खाली आखा. शेवटच्या लेव्हलला काय हवं ते आधी लिहा, त्याच्या अटी लिहा, त्या अटींच्या अटी लिहा. प्रत्येक पॉवरची खरी किंमत म्हणजे ती स्वतः अधिक तिच्याआधीच्या सक्तीच्या. अशी मोजली की काही लाडक्या पॉवर फार महाग निघतात आणि आपोआप मनातून उतरतात. ह्यासाठी फुकट प्लॅनर आहेत. सिटी ऑफ हीरोजला मिड्स, पाथ ऑफ एक्झाइलला पाथ ऑफ बिल्डिंग. नवीन माणसाला ते भीतिदायक वाटतात, तर वहीचं एक पान घ्या, तेही चालतं.

भूमिकेची अट

ढाल पण पाहिजे, लांबून मारा पण पाहिजे, स्वतःला बरं पण करता आलं पाहिजे. हे एका कॅरेक्टरला मिळत नाही तेव्हा येणारा राग मला समजतो, पण इथं मी गेमच्या बाजूनं आहे. मार झेलणारा टँक, बरं करणारा हीलर आणि डॅमेज देणारे, ही विभागणी आहे म्हणून पाच जणांना एकमेकांची गरज पडते. प्रत्येकाला सगळं दिलं तर एका डंजनमध्ये (गटानं लढायच्या ठिकाणी) पाच जण शेजारी शेजारी एकटेच खेळतील.

इथं रिस्पेक (घेतलेल्या पॉवर परत देऊन नव्यानं निवडणं) करून काही होत नाही, कारण क्लासच्या आत ती पॉवर नाहीच. क्लास बदला. मिरजेच्या त्याच मित्राला मनातून खरंच ढाल हवी होती. होमकमिंगवर सेंटिनेल नावाचा आर्किटाइप (तिथं क्लासला हेच म्हणतात) आहे, लांबून मारा आणि अंगावर संरक्षण. मारा ब्लास्टरपेक्षा थोडा कमी, पण आग तीच. त्यानं ब्लास्टर डिलीट न करता बाजूला सेंटिनेल उभा केला, आता मूड बघून दोन्ही खेळतो. डिलीट न करणं महत्त्वाचं. पुढच्या पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) काय बदलेल सांगता येत नाही.

दुसरं कॅरेक्टर नकोच असेल, एकाच नावावर जीव जडलेला असेल, तर फायनल फँटसी फोर्टीनसारखा गेम बघा. तिथं एकच कॅरेक्टर सगळे जॉब शिकू शकतं, हातातलं शस्त्र बदललं की जॉब बदलतो. फोनवर खेळणाऱ्यांसाठी अल्बियन ऑनलाइन आहे. फुकट आहे, आशियासाठी २०२३ पासून वेगळा सर्व्हर आहे, आणि क्लास हा प्रकारच नाही. जे घालाल त्याच्या पॉवर मिळतात. मात्र प्रत्येक शस्त्रात तरबेज व्हायला तिथंही वेळ घालावा लागतो, आणि लाल-काळ्या भागात मेलात तर अंगावरचं सामान जातं. तेव्हा सुरुवातीला महागडं काही घालून तिकडं जाऊ नका.

परतीचा रस्ता नसणं

माझ्या मते खरा त्रास इथं आहे. पॉवर कमी असल्यानं माणूस घुसमटत नाही. २००५ साली आलेल्या गिल्ड वॉर्समध्ये पुढच्या भागांसह हजारावर स्किल झाल्या आणि लढाईत न्यायला फक्त ८. तरी चिडचिड व्हायची नाही, कारण गावात परत आलं की आठच्या आठ बदलता यायच्या, फुकट. घुसमट होते ती, माहिती नसताना केलेली निवड कायमची होते तेव्हा.

तासगावकडं द्राक्षबागेची एप्रिलात खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरात फळछाटणी. एप्रिलनंतर काडीत जे घडाचे डोळे तयार होतात, तेच ऑक्टोबरात फुटतात. तेव्हा मागचं राहिलेलं कितीही खतपाणी करून भरून निघत नाही. पण बागायतदाराला हे एप्रिलातच माहीत असतं. गेममध्ये पहिल्या लेव्हलला बसलेल्या पोराला तिसाव्या लेव्हलला काय लागणार हे कुठून कळणार?

डायब्लो टू २००० साली आला तेव्हा स्किल पॉइंट एकदा टाकला की टाकला. वरच्या स्किल तिसाव्या लेव्हलला उघडायच्या, म्हणून जाणकार लोक पॉइंट न टाकता साठवून ठेवायचे आणि तिसापर्यंत अर्ध्या ताकदीनं रखडायचे. खेळायचं सोडून बचत. परत घ्यायची सोय आली २०१० च्या पॅचमध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनं सुरुवातीला टॅलेंट (झाडासारख्या तक्त्यातून निवडायच्या पॉवर) बदलायला पैसे ठेवले: पहिल्यांदा १ सोन्याचं नाणं, मग वाढत वाढत ५० पर्यंत. २०१२ साली झाडच काढून प्रत्येक पायरीला तीनातून एक अशी निवड दिली. ती सोपी होती पण अनेकांना फार तोकडी वाटली, आणि २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइटमध्ये झाडं परत आली, ह्या वेळी फुकट बदलता येणारी. मधल्या शॅडोलँड्समध्ये, २०२० साली, चार कव्हनंटपैकी (गटांपैकी) एक निवडायचं होतं. कुणाला एकाची गोष्ट आवडायची आणि पॉवर दुसऱ्याची हवी असायची. बदलता यायचं, पण सोडलेल्या गटात परत जायचं तर आठवड्यांच्या हिशोबानं वेळ जायचा. आमचा तासगावचा मित्र छाटणीच्या दिवसांत महिनाभर लॉगिनच करत नाही. त्याच्यासारख्याला अशी अट फार जड जाते. खेळाडू वर्षभर सांगत राहिले, तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये ९.१.५ पॅचनं ती अट बरीच सैल केली.

तुमच्या गेममध्ये असं काही असेल तर पहिल्या दिवशीच तीन गोष्टी शोधून काढा. रिस्पेक आहे का? त्याला काय पडतं: गेममधलं सोनं, मिशन, की खरे पैसे? आणि त्यातून काय बदलत नाही? हा तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. सिटी ऑफ हीरोजमध्ये रिस्पेकनं पॉवर आणि स्लॉट बदलतात, पण प्रायमरी आणि सेकंडरी संच (कॅरेक्टर बनवतानाच निवडलेले पॉवरचे मुख्य आणि दुय्यम गट) तेच राहतात. एका कॅरेक्टरची वेगवेगळी बिल्ड ठेवायची सोय तिथं आहे, पण तीही त्याच दोन संचांच्या आत. म्हणजे सगळा विचार करायचा तो पहिल्या पडद्यावर. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये झाडावरचा एकेक पॉइंट ऑर्ब ऑफ रिग्रेटनं परत घेता येतो. तिथं पाच-दहा पॉइंटची दुरुस्ती परवडते, पूर्ण झाड फिरवणं अंगावर येतं. नवीन कॅरेक्टर बरं पडतं.

फुकटचे रिस्पेक जपून ठेवा. दोन लेव्हलला एकदा, कंटाळा आला म्हणून वापरू नका. मोठा पॅच आला आणि तुमची मुख्य पॉवर नर्फ (कमकुवत) झाली, त्या दिवशी तो हाताशी पाहिजे. आणि टेस्ट सर्व्हर असेल तर तिथं जाऊन बघाच. होमकमिंगच्या टेस्ट सर्व्हरवर थेट वरची लेव्हल घेऊन अख्खं बिल्ड संध्याकाळभरात चालवून बघता येतं. चॅम्पियन्स ऑनलाइनमध्ये जिथं पॉवर शिकतो त्या पॉवरहाऊसमध्येच चाचणीच्या खोल्या आहेत. नवीन पॉवर घेतली की आधी तिथल्या शत्रूंवर वापरून बघा, मग बाहेर पडा.

पैशाची अट

चॅम्पियन्सचं नाव निघालंच आहे तर हेही सांगतो. २००९ साली हा गेम आला तो ह्याच जोरावर की कुठल्याही गटातली कुठलीही पॉवर घ्या, मनासारखा हिरो बनवा. जानेवारी २०११ मध्ये गेम फुकट झाला, आणि फुकट खेळणाऱ्यांना ठरलेल्या क्रमाचे तयार आर्किटाइप मिळाले. मोकळी निवड पैसे भरणाऱ्यांकडं राहिली. म्हणजे ज्या गोष्टीसाठी माणूस गेमकडं ओढला जातो, नेमकी तीच काचेआड.

कंपनीला पैसे लागतात, सर्व्हर फुकट चालत नाहीत, हे कळतं. वेष विका, घोडे विका, जास्तीच्या कॅरेक्टर जागा विका. पण निवडीवर अडथळा उभा करायचा आणि तोच अडथळा हटवायचे पैसे घ्यायचे, हे मला अजिबात पटत नाही. कॉलेजातल्या, खिशात मोजके पैसे असलेल्या पोरानं तेवढ्याच मनापासून हिरोची कल्पना केलेली असते.

तरीही भरायचेच असतील तर ह्या क्रमानं जा. आधी फुकटच्या आर्किटाइपवर वरच्या लेव्हलपर्यंत खेळा, गेम खरंच आवडतो का बघा. मग मोकळ्या निवडीचं बिल्ड कागदावर पूर्ण आखा. मग पैसे. चिडलेल्या रात्री पैसे भरू नका, दुसऱ्या दिवशी भरा. आणि व्हॉट्सॲपवर "तयार अकाउंट, सगळ्या पॉवर अनलॉक" म्हणून कुणी स्वस्तात विकत असेल तर त्या वाटेला जाऊच नका. बहुतेक गेममध्ये अकाउंट विकणं-घेणं नियमाबाहेर असतं, बंदी येते. आणि मूळ मालकाकडं ईमेल असल्यामुळं तो अकाउंट कधीही परत ओढून घेऊ शकतो.

आणि एक अट आपणच घालतो

हे आमच्या ग्रुपमध्ये वारंवार दिसलं म्हणून लिहितोय. नवीन कुणी आलं की जुने लोक काय म्हणतात? "आपल्याकडं हीलर नाही, तू हीलर हो." त्याला तलवार फिरवायची असते. तो भिडेपोटी हो म्हणतो, महिनाभर दुसऱ्यांच्या पट्ट्या भरत बसतो, आणि मग म्हणतो की गेममध्ये निवडच नाही. तसंच मेटाचं, म्हणजे सध्या कुठला क्लास भारी ह्या समजाचं. कुणीतरी यादी काढतं की हा क्लास वरचा, तो खालचा, आणि खालच्या क्लासवाल्याला पार्टीत घ्यायला लोक कुरकुरतात. रोजच्या साध्या डंजनला ह्या याद्यांनी काही फरक पडत नाही. वरच्या रेडमध्ये (मोठ्या गटाच्या अवघड लढाईत) पडतो, पण तिथं जाणारे थोडे.

तुम्ही ग्रुप चालवत असाल तर नवीन माणसाला पहिला प्रश्न विचारा, "तुला काय करायला आवडेल?" हीलरची जागा आळीपाळीनं भरा, जुन्यांनी आधी. आणि पहिल्या काही दिवसांत त्याच्या बिल्डला नावं ठेवू नका, विचारलं तरच सांगा.

हे सगळं करूनही अडत असेल तर

कंपनीला लिहा. फिटनेस, कव्हनंट, वॉरक्राफ्टची झाडं, ह्या सगळ्या गोष्टी बदलल्या त्यामागं खेळाडूंनी चिकाटीनं सांगणं होतं. पण "गेम बकवास आहे, निवड द्या" असं लिहून कुणाच्या हाताला काही लागत नाही. गेममधल्या फीडबॅकच्या खिडकीत साध्या इंग्रजीत चार ओळी टाका: कुठला क्लास, कितवी लेव्हल, कुठली पॉवर घ्यावी लागली, तिच्याऐवजी काय हवं होतं, आणि कुठल्या लढाईत ते आडवं आलं. शक्य झालं तर त्या लढाईचा कॉम्बॅट लॉग जोडा. तोवर ते कॅरेक्टर तसंच ठेवा, दुसऱ्यावर खेळा, आणि प्रत्येक मोठ्या पॅचनंतर पॅच नोट्समध्ये आपल्या क्लासचं नाव शोधा. बदल झाला असेल तर काही वेळा सोबत एक फुकटचा रिस्पेकही आलेला असतो. तो पॅच नोट्स वाचून, प्लॅनरमध्ये नवीन आकडे टाकून, मगच वापरा.